मोटारीची काच अडली कुठे?

मोटारीच्या दाराची काच खाली-वर करण्यासाठी पूर्वी दाराला आतल्या बाजूने एक छोटे हँडल असे. ते गरगर फिरवले की काच हले. आता बहुतेक मोटारींत हँडल जाऊन त्याच्या जागी बटन आले आहे. बटन दाबले की तीन-चार सेकंदांत काच खाली जाते, ओढले की वर येते. सोय खरीच, पण हँडल बिघडले तर काय बिघडले ते हाताला कळत असे. बटनाचे तसे नाही. काच अर्ध्यावर थांबते, बाहेर पावसाची सर येते, आणि नेमके काय अडले आहे हे कोणालाच सांगता येत नाही. मग पुष्कळदा "मोटर जळाली" असा निकाल दिला जातो, काही हजार रुपयांची नवी मोटर बसविली जाते, आणि तरीही काच जागची हलत नाही!

असे का व्हावे? दाराच्या पत्र्याआड लपलेला दोष दार न उघडता ओळखता येईल काय? पुष्कळ अंशी येतो. त्यासाठी लागणारे विज्ञान तुमच्या पाठ्यपुस्तकातच आहे: ओहमचा नियम, विद्युत् मोटर आणि घर्षण. बाकी हवी ती फक्त नीट प्रश्न विचारण्याची सवय.

वाहनांचे नगर

या विषयाची ओळख करून घ्यायला अहिल्यानगर जिल्ह्याइतकी योग्य जागा थोडीच सापडेल. अहिल्यानगर, म्हणजे २०२४ साली नामांतर होण्यापूर्वीचे अहमदनगर, हे वाहनांचे गाव आहे. येथे लष्कराचे चिलखती दलाचे प्रशिक्षण केंद्र आहे आणि १९९४ पासून देशोदेशींच्या रणगाड्यांचे संग्रहालय आहे. १९७२ साली रस्त्यावर आलेली 'लूना' ही मोपेड ज्या कायनेटिक एंजिनिअरिंग कंपनीची, तिचा कारखाना येथलाच. शहराजवळ वाहननगर येथे संरक्षण संशोधन आणि विकास संघटनेची वाहनांसाठीची प्रयोगशाळा आहे. तेथील चाचणीपथांवर वाहनांची कसून परीक्षा होते.

येथल्या औद्योगिक वसाहतीकडे पाहिले तर आणखी एक गंमत दिसते. क्रॉम्प्टन ग्रीव्हज, म्हणजे आताची सीजी पॉवर, हिचा विद्युत् मोटारींचा कारखाना येथे आहे. लार्सन अँड टुब्रो कंपनीने स्विचगिअरचा, म्हणजे विद्युत् प्रवाह जोडणाऱ्या-तोडणाऱ्या साधनांचा, कारखाना येथे उभारला. तो व्यवसाय २०२० साली श्नायडर इलेक्ट्रिककडे गेला. या कारखान्यांतील वस्तू पंप, गिरण्या आणि कारखाने यांच्यासाठी असतात. मोटारीच्या काचेशी त्यांचा संबंध नाही. पण मोटर आणि स्विच हेच दोन अवयव मोटारीच्या दारात लहान रूपात दडलेले असतात, आणि दोन्हीकडे नियम तेच चालतात.

हँडलापासून बटनापर्यंत

काच यंत्राने हलवावी ही कल्पना तशी जुनी आहे. अमेरिकेच्या पॅकार्ड कंपनीने १९४० साली आपल्या मोटारींत अशा खिडक्या आणल्या. त्यांत काच हलत असे ती तेलाच्या दाबाने, आणि तो दाब निर्माण करण्याचे काम विजेवर होई. पुढे प्रत्येक दारातच एक छोटी मोटर बसविण्याची पद्धत रूढ झाली. जर्मनीच्या बीएमडब्ल्यू कंपनीने १९५६ साली '५०३' ही देखणी स्पोर्ट्स मोटार विक्रीस काढली, तेव्हा तिच्या काचा विजेवर चालत होत्या. त्यांची यंत्रणा कोबुर्ग येथील ब्रोझ कंपनीची होती. त्या काळी ही चैनीची बाब होती. आज ती साध्या मोटारीतही असते.

दाराच्या आत काय असते?

बॅटरीपासून काचेपर्यंतचा मार्ग ही आठ दुव्यांची एक साखळी आहे असे समजा. बॅटरी, फ्यूज, रिले, बटन, वायर, मोटर, काच उचलणारा सांगाडा आणि काच जिच्यातून सरकते ती रबरी खोबण. सांगाड्याला गॅरेजात नुसते 'मशीन' म्हणतात, आणि खोबणीच्या रबराला 'बीडिंग'.

मोटर असते तळहाताएवढी. तिच्यात कायम चुंबक असतात आणि त्यांच्यामध्ये तारेची वेटोळी फिरतात. फिरणाऱ्या वेटोळ्यांना प्रवाह पुरविण्यासाठी कार्बनचे दोन ठोकळे त्यांच्यावर टेकलेले असतात. मोटरच्या दांड्यावर मळसूत्रासारखा गिअर असतो आणि तो एका दाती चाकाला फिरवतो. दांड्याचे पुष्कळ फेरे झाले की चाकाचा एक फेरा होतो. त्यामुळे वेग कमी होतो, पण जोर वाढतो. या जोडीचा दुसरा गुण असा, की मळसूत्र चाकाला फिरवू शकते, पण चाक मळसूत्राला फिरवू शकत नाही. म्हणूनच वर चढलेली काच हाताने दाबून खाली ढकलता येत नाही. चोरालाही येत नाही आणि मालकालाही येत नाही!

दाती चाकावरून पोलादी दोरी फिरते, किंवा कात्रीसारख्या दोन पट्ट्या हलतात, आणि काच वर किंवा खाली सरकते.

आता बटनाकडे पाहू. मोटर उलटी फिरवायची तर तिच्यातला प्रवाह उलट करावा लागतो. यासाठी जुन्या, साध्या मांडणीत एक सुरेख युक्ती वापरतात. मोटरच्या दोन्ही वायरी बटन न दाबता बॅटरीच्या ऋण टोकाला जोडलेल्या असतात. बटन एका बाजूला दाबले की पहिली वायर धन टोकाला जाते. दुसऱ्या बाजूला दाबले की दुसरी. एवढ्याने प्रवाहाची दिशा बदलते. याचा अर्थ असा, की बटनातला प्रत्येक संपर्क दोन्ही वेळा काही ना काही काम करीत असतो. एक संपर्क खराब झाला तर काच खाली जाईल आणि वर येणार नाही असेही घडते. काच एका दिशेने नीट चालत असेल, तर मोटर जळालेली नाही हे तेवढ्यावरूनच ठरले.

नव्या मोटारींत बटन मोटरचा प्रवाह स्वतः वाहून नेत नाही. ते फक्त एका छोट्या संगणकाला निरोप देते आणि तो मोटर चालवितो. पण साखळीचे तत्त्व तेच राहते.

लक्षण एक, कारणे दोन

आता आपण एका नेहमीच्या तक्रारीचा विचार करू. पूर्वी चार सेकंदांत वर जाणारी काच आता आठ सेकंद घेते. दोष कोठे असेल?

याचे उत्तर देण्यापूर्वी मोटरचा एक गुणधर्म समजून घ्यावा लागेल. मोटर फिरू लागली की ती स्वतःच एक छोटा जनित्र बनते. चुंबकीय क्षेत्रात तिची वेटोळी फिरतात, त्यामुळे त्यांच्यात विद्युत् दाब निर्माण होतो, आणि तो बॅटरीच्या दाबाला विरोध करतो. मोटर जितकी जोरात फिरेल तितका हा विरोधी दाब अधिक. बॅटरीचा दाब वजा विरोधी दाब, भागिले वेटोळ्यांचा रोध, हा झाला मोटरमधला प्रवाह.

सोईसाठी आकडे घेऊ. बॅटरी १२ व्होल्टची आणि वेटोळ्यांचा रोध ०.५ ओहम. काच नीट सरकत असताना मोटर ८ अँपिअर प्रवाह घेते असे माना. मग वेटोळ्यांत ८ × ०.५ = ४ व्होल्ट खर्ची पडतात आणि विरोधी दाब उरतो ८ व्होल्ट. आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवा: मोटरचा जोर प्रवाहाच्या प्रमाणात असतो आणि तिचा वेग विरोधी दाबाच्या प्रमाणात असतो.

पहिले कारण: बटनाचा संपर्क काजळला आणि तेथे ०.५ ओहम रोध निर्माण झाला. काच तितकीच जड आहे, म्हणून मोटरला जोरही तेवढाच हवा आणि प्रवाहही तेवढाच, ८ अँपिअर. आता ४ व्होल्ट बटनातच खर्च होतात. मोटरला मिळतात फक्त ८ व्होल्ट. त्यांतले ४ वेटोळ्यांत गेले, की विरोधी दाब उरला ४ व्होल्ट. पूर्वीच्या निम्मा! म्हणून वेगही निम्मा.

दुसरे कारण: बटन ठीक आहे, पण बीडिंगमध्ये धूळ साचून काच घट्ट झाली आहे. ती हलवायला दुप्पट जोर लागतो, म्हणून प्रवाह १६ अँपिअर झाला. वेटोळ्यांत १६ × ०.५ = ८ व्होल्ट खर्च होतात आणि विरोधी दाब उरतो पुन्हा ४ व्होल्टच. वेग पुन्हा निम्मा!

पाहा, बाहेरून दिसणारे लक्षण अगदी एकच. कारणे मात्र दोन आणि अगदी निराळी. एक विजेचे, दुसरे घर्षणाचे. घड्याळ लावून काचेचा वेग कितीही मोजला तरी हा भेद कळणार नाही. तो कळतो मीटरने. काच चालू असताना मोटरच्या टोकांशी ८ व्होल्ट आणि ८ अँपिअर मिळाले तर दोष वाटेतल्या संपर्कात आहे. १२ व्होल्ट आणि १६ अँपिअर मिळाले तर वीज पुरेशी पोचते आहे आणि दोष काचेच्या वाटेत आहे.

या दोन्ही प्रसंगी मोटर निर्दोष आहे. ती बदलली तर पहिल्या प्रसंगी काहीच फरक पडणार नाही. दुसऱ्या प्रसंगी तर नवी मोटरही लवकरच जायची. कारण उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. ८ अँपिअरला वेटोळ्यांत ८ × ८ × ०.५ = ३२ वॉट उष्णता होते; १६ अँपिअरला १२८ वॉट, म्हणजे चौपट. मोटर जळाली हे खरे असले, तरी तिला जाळले ते धुळीने! पहिल्या प्रसंगी तेच ३२ वॉट बटनात तापतात. डाग देण्याच्या कावियाएवढी ही उष्णता. बटनाचे प्लॅस्टिक वितळलेले दिसते ते यामुळेच.

काच अगदीच अडकली तर? मोटर फिरत नाही, विरोधी दाब शून्य होतो आणि प्रवाह १२ ÷ ०.५ = २४ अँपिअरवर जातो. असा प्रवाह फार वेळ चालू दिला तर वेटोळी जळतील. म्हणून पुष्कळ मोटरींत एक रखवालदार बसविलेला असतो. कधी ती दोन धातूंची पट्टी असते, इस्त्रीत असते तशी. कधी तापताच जिचा रोध एकदम वाढतो अशी चकती. कोणी गंमत म्हणून काच दहा वेळा खाली-वर केली आणि ती बंद पडली, पण थोड्या वेळाने आपोआप चालू झाली, तर तो बिघाड नव्हे. रखवालदाराने आपले काम केले.

निम्मे-निम्मे करून शोधा

मनातली १ ते १,००० मधली संख्या ओळखण्याचा खेळ तुम्ही खेळला असाल. "५०० पेक्षा मोठी आहे काय?" असे विचारून दर वेळी निम्म्या संख्या बाद केल्या की दहा प्रश्नांत उत्तर मिळते. दोष शोधण्याची उत्तम रीत हीच. आठ दुवे एकामागून एक तपासत बसण्यापेक्षा, एका प्रश्नात साखळीचा मोठा भाग बाद करावा. पुढचे प्रश्न क्रमाने विचारा. पहिल्या चौघांना साधी पक्कडसुद्धा लागत नाही.

पहिला प्रश्न: सगळ्याच काचा बंद आहेत की एकच? सगळ्या बंद असतील तर दोष त्यांच्या सामाईक भागात असण्याचा संभव मोठा. फ्यूज, रिले आणि चालकाच्या दारातील बटनांचा संच तेथे पाहावा. चालकाच्या काचेखेरीज बाकीच्या सगळ्या बंद असतील तर सर्वांत आधी मुलांसाठीचे कुलूप-बटन दाबले गेले आहे काय ते पाहा. कित्येक 'बिघाड' एवढ्यानेच दुरुस्त होतात.

दुसरा प्रश्न: काच दोन्ही बटनांनी चालत नाही की एकाच? मागच्या दाराची काच त्या दारातल्या बटनाने चालते, पण चालकाच्या बटनाने चालत नाही, असे असेल तर मोटर, मशीन आणि काच तिन्ही एकदम निर्दोष सुटली. दोष चालकाच्या बटनात किंवा तेथून येणाऱ्या वायरीत उरला.

तिसरा प्रश्न: कानाला काय ऐकू येते? बटन दाबल्यावर दारातून 'घर्र' असा आवाज येतो पण काच हलत नाही, याचा अर्थ मोटर फिरते आहे आणि पुढची दोरी तुटली आहे किंवा काच धरणारा प्लॅस्टिकचा तुकडा मोडला आहे. मुळीच आवाज येत नसेल तर मोटारीच्या आतला दिवा लावा आणि त्याच्याकडे पाहत क्षणभर बटन दाबा. एंजिन बंद आणि चावी चालू असावी. तारेचा जुना दिवा किंचित मंद झाला, तर मोटरमध्ये मोठा प्रवाह जातो आहे. म्हणजे काहीतरी अडकले आहे. दिवा जराही मंद झाला नाही, तर मंडल कोठेतरी तुटलेले आहे.

चौथा प्रश्न: दार हलविल्याने फरक पडतो काय? शरीराकडून दाराकडे जाणाऱ्या वायरी बिजागरीजवळ एका रबरी नळीतून जातात. दार दिवसातून २० वेळा उघडले तर वर्षात ७,३०० वेळा आणि दहा वर्षांत ७३,००० वेळा त्या वाकतात. तांब्याची तार किती सोसणार? बटन दाबून धरून दार हळूहळू हलवावे. एखाद्या विशिष्ट कोनात काच चालू झाली, तर तुटलेली वायर तेथेच आहे. हे करताना काचेजवळ आणि दाराच्या फटीत कोणाचा हात नाही याची खात्री करावी.

एवढ्याने दोष सापडला नाही तर मग मीटर हाती घ्यावे. येथे एका सापळ्याची सूचना देणे जरूर आहे. काजळलेल्या संपर्कापुढे नुसते व्होल्टमीटर लावले तर ते पूर्ण १२ व्होल्ट दाखविते! कारण व्होल्टमीटर जवळजवळ प्रवाह घेतच नाही; प्रवाह शून्य, तर रोधात खर्च होणारा दाबही शून्य. नळात कचरा अडकला असला तरी तोटी बंद असताना पाण्याचा दाब पूर्ण असतो, तोटी उघडली की धार बारीक येते, तसेच हे. म्हणून दाब मोजायचा तो बटन दाबलेले असताना, मोटरवर भार असताना. जुने मेकॅनिक मीटरऐवजी दोन वायरींचा दिवा वापरतात त्यात हेच शहाणपण आहे. १२ व्होल्ट, २१ वॉटचा दिवा सुमारे पावणेदोन अँपिअर घेतो, आणि खराब संपर्कामागे मंद जळून चोर पकडून देतो. मात्र संगणकाच्या व एअरबॅगच्या वायरींना हा दिवा लावू नये. तेथील नाजूक भागांना तो प्रवाह झेपत नाही.

धूळ आणि पाणी

अहिल्यानगर जिल्ह्यात काचेचे दोन्ही शत्रू राहतात. पश्चिमेला अकोले तालुक्यात घाटघर, रतनवाडी, भंडारदरा या भागात सह्याद्रीचा मुसळधार पाऊस. आणि पूर्वेला पाथर्डी, जामखेडकडे पर्जन्यछायेचा कोरडा, धुळीचा मुलूख. एकाच मोटारीने हा प्रवास एका दिवसात होऊ शकतो.

काचेवरून ओघळणारे काही पाणी दाराच्या पोकळीत जातेच. ते थांबविता येत नाही, म्हणून दाराच्या तळाशी ते वाहून जाण्यासाठी भोके ठेवलेली असतात. चिखलाने ही भोके बुजली की दारात डबके साचते, आणि मोटर व मशीन गंजू लागतात. दार उघडताना आतून पाणी खळखळल्याचा आवाज आला, तर ही भोके काडीने मोकळी करावी. धूळ मात्र बीडिंगमध्ये बसते आणि पॉलिश कागदासारखी काच घासते. ओल्या फडक्याने खोबण पुसावी आणि वाळल्यावर सिलिकॉनचा फवारा द्यावा. एंजिनचे तेल किंवा ग्रीस तेथे लावू नये. त्याने रबर फुगते आणि धूळ जास्तच चिकटते.

काही मोटरींवर 'आयपी' ही अक्षरे आणि पुढे दोन आकडे छापलेले असतात. पहिला आकडा धुळीपासूनचे संरक्षण सांगतो, दुसरा पाण्यापासूनचे. पहिला आकडा ६ असेल तर धूळ आत जाणारच नाही. दुसरा ७ असेल तर एक मीटर खोल पाण्यात अर्धा तास ठेवले तरी अपायकारक पाणी आत शिरणार नाही. असे आकडे कोणी अंदाजाने ठरवीत नाही. धुळीच्या पेटीत आणि पाण्याच्या टाकीत त्यांची चाचणी घेतली जाते.

बिघाडापेक्षा मोठा धोका

काच बंद पडणे ही गैरसोय आहे. काच नको तेव्हा चालू होणे हा धोका आहे. मोटारीतल्या लहान मुलाने खिडकीबाहेर डोके काढले आणि त्याचा गुडघा बटनावर पडला, तर वर चढणारी काच त्याचा गळा दाबू शकते. जगात असे मृत्यू घडले आहेत. त्यामुळेच अमेरिकेने २००४ साली बटनाच्या रचनेविषयी नियम केला. नुसत्या दाबाने काच वर न जाता, बटन ओढल्यावरच ती वर जावी, अशी बटने त्यानंतर सर्वत्र दिसू लागली. यामुळे चुकून पडलेला गुडघा काच फार तर उघडतो.

पुष्कळ मोटारींत आणखी एक संरक्षण असते. मोटरच्या दांड्यावर छोटा चुंबक आणि त्याजवळ एक संवेदक असतो. तो फेरे मोजतो. काच वर जाताना फेरे अचानक मंदावले की संगणक समजतो, मध्ये काहीतरी आले. आणि काच लगेच खाली घेतो. आपोआप बंद होणाऱ्या काचेचा जोर १०० न्यूटनपेक्षा वाढण्यापूर्वी ती उलट फिरावी अशी आंतरराष्ट्रीय मर्यादा आहे. १०० न्यूटन म्हणजे साधारण १० किलोग्रॅम वस्तूचे वजन.

आता वरची धूळ पुन्हा आठवा. बीडिंग घट्ट झाली तर काच मंदावते, आणि बिचारा संगणक समजतो की कोणाचा हात सापडला! काच वर जाते आणि आपोआप खाली येते. मालक वैतागतो आणि "हे संरक्षणच काढून टाका" म्हणतो. असे कधीही करू नये. दोष संरक्षणात नसून खोबणीत आहे. खोबण साफ केली की तक्रार थांबते. बॅटरी काढून पुन्हा जोडल्यावरही असा गोंधळ होतो, कारण काचेचे वरचे टोक कोठे आहे हे संगणक विसरलेला असतो. मोटारीच्या पुस्तिकेत सांगितल्याप्रमाणे काच पूर्ण वर नेऊन बटन काही सेकंद धरून ठेवले, की तो पुन्हा शिकतो.

स्पोर्ट्स मोटारींत हे शिकणे विशेष महत्त्वाचे. त्यांपैकी पुष्कळांच्या दाराला काचेभोवती चौकटच नसते. काचेची कड थेट छपराच्या रबरात घुसलेली असते. म्हणून दाराचा खटका ओढताच काच आधी सुमारे एक सेंटिमीटर खाली येते, मग दार उघडते. दार बंद झाले की ती पुन्हा वर चढते. बॅटरी उतरली किंवा संवेदक बिघडला तर काच खाली येत नाही, आणि दार जोराने लावल्यास ती छपरावर आपटून फुटू शकते. अशा मोटारीत काचेचा दोष म्हणजे दाराचाच दोष होय.

करून पहा

साहित्य: खेळण्यातली ३ व्होल्टची मोटर, टॉर्चचे दोन सेल, टॉर्चचा एक लहान तारेचा दिवा (एलईडी नको), पत्र्याच्या दोन लवचीक पट्ट्या, टाचण्या, वायर आणि लाकडी फळी.

दोन्ही पट्ट्या फळीवर अशा बसवा, की दाबल्या नाहीत तर त्या वरच्या टाचणीला टेकतील आणि दाबल्या तर वरची सोडून खालच्या टाचणीला टेकतील. वरच्या दोन्ही टाचण्या सेलच्या ऋण टोकाला आणि खालच्या दोन्ही धन टोकाला जोडा. प्रत्येक पट्टीला मोटरची एक वायर जोडा. एक पट्टी दाबा. मोटर एका दिशेने फिरेल. दुसरी दाबा, ती उलट फिरेल. हेच मोटारीचे बटन.

आता मोटरच्या एका वायरीत दिवा घाला. मोटर फिरत असताना दिवा मंद असेल. दांडा बोटांनी हलकेच धरून मंद करा, मग क्षणभर थांबवा. दिवा अधिक उजळेल! विरोधी दाब गेला आणि प्रवाह वाढला हे तुम्ही डोळ्यांनी पाहिले. मग दिवा काढून त्या जागी पेन्सिलीच्या शिशाचा तुकडा जोडा. मोटर मंदावेल. हा झाला काजळलेला संपर्क. मोटर फिरत असताना तिच्या टोकांशी आणि शिशाच्या टोकांशी दाब मोजा आणि बेरीज सेलच्या दाबाशी ताडून पाहा. प्रयोग फक्त सेलवर करावा. मोटारीच्या बॅटरीवर मुळीच करू नये. तिची टोके चुकून जोडली गेली तर शेकडो अँपिअर प्रवाह वाहतो आणि भाजते.

शिक्षकांनी हा खेळ वर्गात घ्यावा. एका गटाने मंडलात गुपचूप एक दोष करून ठेवावा आणि दुसऱ्याने कमीत कमी प्रश्नांत तो ओळखावा. अट एकच: कारण सिद्ध केल्याशिवाय कोणताही भाग बदलायचा नाही. पंप असो, मिक्सर असो वा मोटारीची काच, ही अट पाळणाऱ्याचे पैसे वाचतात, आणि चांगला भाग भंगारात जात नाही.